उलटे ओंडके

डिसेंबर. केमीत दुपारी दोनलाच दिवे लागतात.
ग्रंथालयाच्या तळघरात लीबान माझ्यापुढं ठेवतो
एक जुना लॅपटॉप, बिजागरीला चिकटपट्टी,
आत लिनक्स.
फुकट ना, मी विचारतो.
मुक्त, तो म्हणतो. फुकट हे वर मिळतं.
मुक्त म्हणजे झाकण उघडून बघता येतं.
मी मान डोलावतो. एकतीस वर्षं कागद कारखान्यात
मी झाकणंच उघडत आलो.

कारखाना बंद झाला. हात उरले.
म्हटलं, एक खेळ करावा:
नदी, नदीत ओंडके,
ओंडक्यांवरून उड्या मारत जाणारा एक माणूस.
माझा बाप तसा होता. दर वसंतात बर्फ फुटला की
ओंडके हाकत समुद्रापर्यंत यायचा,
हातात लांब काठी, टोकाला लोखंडी आकडी.

नवख्याला कुठलं अवजार बरं?
लीबान आधी रंगीत ठोकळे देतो, एकात एक अडकणारे.
दहा मिनिटांत मांजर चालायला लागतं.
मला लाज वाटते. मजाही वाटते.
पण नदी काही ठोकळ्यांत मावेना.

मग एक बडं धूड. नाव सांगत नाही.
आधी खातं उघडा, मग अटी मान्य करा,
मी खरंच वाचायला बसलो तर लीबान घड्याळ बघू लागला.
उतरून घ्यायला अख्खी दुपार गेली,
पंखा घोंघावला, लॅपटॉप असा तापला
की मी हातमोजे त्यावर वाळत घातले.

मग पायथन. काळी खिडकी, लुकलुकणारी एक रेघ.
ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा कमी पडली
तर रुसून बसते.
माझ्या फोरमनची आठवण झाली,
तोही बरोबरच असायचा.

बाप काठी कशी निवडायचा ते मी पाहिलंय.
दुकानदार चकाकी दाखवायचा,
हा आडवी तळहातावर तोलायचा,
बादलीत बुडवून पुन्हा धरायचा.
आणि विचारायचा, दांडा मोडला तर
मला माझा बसवता येईल का?

लीबान म्हणतो, माझी आजी उंटाची दोरी अशीच निवडायची.
मग हसतो. म्हणजे, म्हणे.
मी तिला भेटलोच नाही.

चौथं अवजार गोडो.
एकच फाइल. उघडली, टिचकी मारली, सुरू.
ना खातं, ना सही.
पडदा काळा राहिला, कार्ड जुनं म्हणून,
लीबाननं एक पर्याय बदलला आणि नदी उजळली.
मी ते तळहातावर तोललं म्हणा.
बसलं.

पाच मंगळवार गेले. नदी निळी, वर जंगल,
खाली समुद्र आणि कारखान्याची चिमणी.
ओंडका म्हणजे तपकिरी आयत, बाप म्हणजे लाल चौकोन.
वेग लिहिला: उणे चाळीस. खाली जायचं म्हणून उणे.
पडद्यावर शून्य वरच्या टोकाला असतं
आणि खाली जाल तसा आकडा वाढतो,
हे मला कोण सांगणार?

बटण दाबलं.
ओंडके वर निघाले.
चिमणीपासून सुटले, पुलाखालून गेले,
प्रवाहाच्या छातीवरून, एकामागून एक, जंगलाकडे,
आणि लाल चौकोन त्यांच्यावर उभा,
कुठंही न घसरता.

ते उणे काढून टाक, वेइयो, लीबान म्हणाला,
सरळ होईल.
मी बोट त्या बटणावर ठेवलं.
ठेवलंच नुसतं.
तो शेजारची खुर्ची ओढून बसला,
आणि आम्ही दोघं बघत राहिलो, शेवटचा ओंडका
झाडांत शिरेपर्यंत.

आवाज अजून घातलेला नाही.
त्याचं अवजार वेगळं, ते पुढच्या मंगळवारी.
मी विचारलं, ओल्या लाकडात आकडी रुतते
तो आवाज मिळेल का त्यात?
नाही, तो म्हणाला.
तो तुला घरून आणावा लागेल.